विमावाल्याला केक नाही

स्पाइसवुडच्या खोऱ्यात व्हर्लीन स्टॅम्परला ओळखत नाही असं कुणी नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म घालवला. आज खाणीवर ट्रक चालवणारे, नर्स झालेले, एखाददोनदा तुरुंगात जाऊन आलेले, सगळे कधी ना कधी रिकामं ताट घेऊन तिच्यासमोर रांगेत उभे राहिलेले. त्यामुळे भीड हा प्रकार तिला ठाऊक नाही. काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, प्रमुख मतं मागायला दारात आला तेव्हा तिनं त्याला आधी हेच ऐकवलं, "तू मटार टेबलाखाली टाकायचास. मी पाहिलंय." बिचाऱ्यानं टोपी काढून माफी मागितली, मग मत मागितलं.

पण खोऱ्यात तिचं खरं वजन होतं ते जेवणांमुळे. कुणाचं घर जळलं, कुणी खाणीत जायबंदी झाला, कुणाच्या बाईला कॅन्सर निघाला, की पुढच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण लागायचं. घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, तळलेली कोंबडी, आणि शेवटी केकचा लिलाव. पाद्री ब्रदर होबर्ट बाकावर उभा राहून ओरडायचा, गळ्याच्या शिरा ताणून. केक घेणारा तो घरी नेत नसे. पैसे मोजायचा आणि केक परत टेबलावर ठेवायचा, "पुन्हा विका." एकच केक तीनतीनदा विकला जाई. त्यातून जळलेल्या घरावर पत्रे चढत, जायबंदी माणसाच्या पोरांना हिवाळ्याचे बूट येत.

केक म्हणजे थरांचा केक. भाकरीसारखे पातळ थर आणि मध्ये सुकवलेल्या सफरचंदांचा मसालेदार गर. सगळा केक एका घरानं करायचा नाही, प्रत्येक घरानं एकेक थर आणायचा, असा इथला रिवाज. व्हर्लीन ते थर रचायची आणि वर कापड टाकून दोन दिवस मुरत ठेवायची. कुणाचा थर जाड, कुणाचा एका कडेनं करपलेला. "मुरला की सगळे सारखेच लागतात," ती म्हणायची. करपलेल्या थराच्या मालकिणीला तेवढंच बरं वाटे.

आणखी एक रिवाज होता. तो कुणी सांगत नसे, पण सगळ्यांना पाठ होता. विमावाल्याला केक नाही.

त्याची गोष्ट अशी. व्हर्लीन नवी नवरी असताना इनॉक हॅटनचं किराणा दुकान जळालं. इनॉक दूरवर बघणारा माणूस, त्यानं दुकानाचा आगीचा विमा उतरवला होता. खोरं म्हणालं, त्याचं त्याला मिळेल. जेवण लागलं नाही. त्याची बायको लूला एक शनिवार वाट बघत राहिली, दुसरा शनिवार वाट बघत राहिली. पैसे तिला नकोच होते, पैसे येणार होते. तिला जेवण हवं होतं. मग इनॉकनं विम्याच्या पैशातून दुकान बांधलं ते गावात, खोऱ्याबाहेर, आणि लूलानं पुन्हा कधी चर्चच्या हॉलची पायरी चढली नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत ओढा आला.

पूर नदीला येतो, ओढ्याला नाही, अशी खोऱ्याची पक्की समजूत. नदी खाली गावाजवळ. स्पाइसवुडचा ओढा म्हणजे पोरं उडी मारून ओलांडतात एवढा. पण वरच्या डोंगराचं डोकं कोळशासाठी कापून सपाट केलेलं होतं, झाड नाही, झुडूप नाही, आणि त्या टकलावर पाऊस कोसळत होता. उजाडता उजाडता ओढा घराघरात शिरला. माणसं पळाली ती दफनभूमीत. आमच्याकडे उंचावरची सपाट जागा मेलेल्यांना देतात आणि जिवंत माणसं खाली ओढ्याकाठी राहतात; त्या दिवशी हा हिशेब किती उलटा आहे ते सगळ्यांना कळलं. आजीआजोबांच्या थडग्यांना टेकून बसून लोकांनी आपापली घरं भरताना बघितली. व्हर्लीनची थोरली बहीण डेल्फिया हिचा फ्रीज दारातून बाहेर पडला आणि त्यावर चिकटवलेल्या नातवंडांच्या फोटोंसकट वळणावरून दिसेनासा झाला.

पाणी ओसरल्यावर ब्रदर होबर्ट गुडघाभर चिखलात उभा होता. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "व्हर्लीन, जेवण कधी ठेवायचं?"

"कुणासाठी?" व्हर्लीननं विचारलं.

होबर्टनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"आणि करणार कोण, ब्रदर? ओव्हन कुणाकडे उरलाय? थर कोण आणणार?" एवढं बोलून ती खो खो हसत सुटली, आणि हसता हसता चर्चच्या पायरीवर बसून रडली. आयुष्यभर तिनं ज्यावर भरवसा ठेवला होता ते एका घरासाठी पुरत होतं, दोन घरांसाठी पुरत होतं. सगळं खोरंच उघड्यावर आलं की कोण कुणाला वाढणार?

बाहेरून मदत आली. पाण्याच्या बाटल्या आल्या, कपडे आले, सरकारचे थोडे पैसे आले. पण त्यात भिंती उभ्या राहतात, घर उभं राहत नाही. हिवाळा लागेतो खोऱ्यातल्या कित्येक घरांचे दिवे लागेनासे झाले. माणसं लेक्सिंग्टनला गेली, ओहायोला गेली.

डेल्फिया राहिली, पण अटीवर. तिचा मुलगा रँडल ओहायोत डेटनला. त्यानं आईसाठी खोली रंगवून ठेवली होती. "अजून एकदा माझ्या घरात पाणी आलं," डेल्फियानं जाहीर केलं, "की मी चालले. मग मला हाका मारू नका."

दोन्ही बहिणींची स्वयंपाकघरं समोरासमोर. पहाटे डेल्फियाचा दिवा लागला की व्हर्लीन कॉफी ठेवायची. रोज भांडण. कधी कुंपणावरच्या वेलीवरून, कधी आई कुणावर जास्त प्रेम करायची यावरून. नवरा आर्लिस म्हणायचा, "ती डेटनला गेली तर तू माझ्याशी भांडशील. मला झेपणार नाही." तो हसत म्हणायचा, पण व्हर्लीनला मात्र रात्री समोरच्या काळ्या खिडकीची कल्पना करून धस्स व्हायचं. डेल्फियाला इथं ठेवायचं, एवढं एकच तिनं मनात धरलं.

म्हणून काउंटीनं कोर्टाच्या इमारतीत पुराची सभा बोलावली तेव्हा ती आर्लिसला ओढत घेऊन गेली. भिंतीवर काउंटीचा भला मोठा नकाशा, त्यावर पुराचा पट्टा निळ्या रंगात. आर्लिसनं चष्मा पुसून स्वतःचं घर शोधलं आणि हर्षानं ओरडला, "बाहेर! आपण निळ्याच्या बाहेर! बोटभर!"

मागून दोनचार टाळ्या पडल्या. आणखी लोक उठून आपापली बोटं नकाशावर टेकवू लागले. कुणी बाहेर, कुणी आत, जसा काही निकाल लागला होता.

काउंटीची पूर-अधिकारी मर्ना फील्ड्स. तिलाही व्हर्लीननं ताटं वाढलेली. तिनं सगळ्यांना बसू दिलं आणि म्हणाली, "त्या जुलैत ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनी हात वर करा." हात वर झाले. "आता ज्यांचं घर निळ्यात आहे त्यांनी खाली घ्या."

बरेच हात वरच राहिले. आर्लिसचाही. तो आपल्या हाताकडे असा बघत होता, की जणू हात दुसऱ्याचा आहे.

"निळ्यात धोका जास्त," मर्ना म्हणाली. "बाहेर कमी. कमी म्हणजे नाही असं नव्हे. पाण्याला नकाशा वाचता येत नाही. बाहेर असण्याचा फायदा एकच, विमा स्वस्त पडतो."

"माझ्या घराचा विमा आहे की," कुणीतरी म्हणालं.

"तो आगीचा, वाऱ्याचा, चोरीचा. ओढ्यातून आलेलं पाणी त्यात बसत नाही. पुराचा वेगळा घ्यावा लागतो. आणि सामानाचा वेगळा सांगावा लागतो, नाहीतर भिंती मिळतील आणि पलंग मिळणार नाही."

व्हर्लीननं हात वर केला. "आज घेतला तर आजपासून?"

"नाही, मिस व्हर्लीन." वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आमच्याकडे मिसच म्हणतात. "महिनाभरानं लागू होतो. ओढा पायरीला लागल्यावर मला फोन करू नका."

"शहाणी झालीस गं," व्हर्लीन म्हणाली. "लहानपणी तुला दूध आणि सूप न सांडता टेबलापर्यंत न्यायचं कळत नव्हतं." सभा हसली, मर्नाही हसली. परत येताना आर्लिस ट्रकमध्ये म्हणाला, "बोटभर. मी बोटभर अंतरावर नाचत होतो." दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी विमा उतरवला.

खोऱ्यात गोष्ट लपत नाही. रविवारी चर्चनंतर बायका तिच्याशी बोलल्या त्या हवापाण्याचं, जणू ती पाहुणी आली होती. डेल्फियानं मात्र घरी परतल्यावर तिला सरळ आपल्या स्वयंपाकघराच्या दारातच गाठलं.

"झालीस ना विमावाली?"

"झाले. तूही हो."

"मला काय गरज? टीव्हीवर सांगितलं, हजार वर्षांतून एकदा येणारा पूर होता तो. आला, गेला. आता माझ्या पतवंडांच्या पतवंडांनी बघायचं."

"डेल्फ, वळणावरच्या ओपलला ओळीनं चार मुली झाल्या. आता पाचवा मुलगाच म्हणून तिनं निळी दुपटी विणली. काय झालं?"

"मुलगी."

"म्हणजे पोटाला मागचं आठवत नाही. ओढ्यालाही नाही. हजारातून एकदा म्हणजे दरवर्षी हजारातली एक चिठ्ठी, आणि चिठ्ठ्या दरवर्षी नव्यानं टाकतात. मर्ना तर म्हणते, वरचा डोंगर कापलाय, आता त्या चिठ्ठ्याही हजार राहिल्या नाहीत."

"तुझी मर्ना!" डेल्फिया म्हणाली. मग ओट्याकडे तोंड करून, भांडं घासत, हळू आवाजात म्हणाली, "आणि उद्या माझं घर गेलं, आणि खोरं म्हणालं, हिचं हिला मिळेल, तर? मी काय लूला हॅटन होऊन बसू? इथं असून नसल्यासारखी? त्यापेक्षा डेटन बरं. तिथं निदान कुणी ओळखत नाही."

व्हर्लीननं न भांडता फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागली. हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे डेल्फियानंही वळून बघितलं.

ती रात्र व्हर्लीननं कूस बदलत काढली. नकाशा, महिना, भिंती, सामान, सगळं ती समजावू शकत होती. पण डेल्फियाची भीती पाण्याची नव्हतीच. तिला भीती होती केकची. आणि केक तर व्हर्लीनच्या हातात होता.

जानेवारीत तिनं चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, "पुढच्या शनिवारी जेवण आहे."

"अरे देवा," मागचा बाक म्हणाला. "कोण गेलं?"

"कुणी नाही. ज्याचं अजून काही झालेलं नाही त्याचं जेवण आहे. लिलावाचे पैसे पुराच्या विम्याला. ज्या घराला पहिल्या वर्षाचा हप्ता जड जातो, त्यांचा भरायचा."

ब्रदर होबर्ट घसा खाकरून म्हणाला, "व्हर्लीन, मी प्रार्थना करू तरी काय? हे प्रभू, ज्याला काही झालं नाही त्याचं सांत्वन कर?"

"तसंच करा. काही बिघडत नाही."

"पण विमावाल्यांना जेवण," ओपल म्हणाली, "असं कधी झालेलं नाही."

"ओपल, आजवर ओढाही तुझ्या गाद्यांपर्यंत आला नव्हता."

थर मागायला ती दारोदार फिरली. काहींनी दिले, काहींनी घरात असून दार उघडलं नाही. डेल्फिया म्हणाली, "माझ्याकडे पीठ नाही." तिच्या मागं ओट्यावर पिठाची पिशवी दिसत होती.

शनिवारी हॉल भरला. निम्मी माणसं मदतीला आली होती आणि निम्मी गंमत बघायला, पण जेवली दोन्ही. डेल्फिया दाराजवळ कोट न काढता बसली, म्हणजे केव्हाही उठता यावं. आणि मग आर्लिस एका म्हातारीला धरून आत घेऊन आला. काठी, निळा कोट, ओठाला लाली. आधी कुणी ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि हॉलभर चमचे थांबले. लूला हॅटन.

व्हर्लीननं केकवरचं कापड काढलं. तिनं होबर्टला बाकावर चढू दिलं नाही. पहिला तुकडा कापला आणि लूलापुढं ठेवला.

"मिस लूला, तुमचं दुकान जळालं होतं. त्याचं हे जेवण. आम्हाला थोडा उशीर झाला."

लूलानं केककडे बघितलं, मग हॉलकडे. तिनं काटा उचलला, घास घेतला, सावकाश चावला.

"गर जरा जास्त गोड झालाय," ती म्हणाली.

हॉल फुटला. हसणारे डोळे पुसत होते. लूलाचे मात्र कोरडे होते, तिनं तुकडा संपवला, बशी पुढं केली आणि म्हणाली, "दुसरा वाढ. इनॉकचा राहिलाय."

त्या गडबडीत डेल्फिया उठून बाहेर गेली. व्हर्लीननं ते बघितलं आणि तिचा हात सुरीवर थबकला. लिलाव सुरू झाला. होबर्ट ओरडत होता, केक विकला जात होता, परत येत होता. आधी पुरुषांना बोली कशी लावावी ते कळेना. कुणाची कीव करायची हेच ठरलेलं नव्हतं. मग एकानं ओरडून सांगितलं, "माझ्या स्वतःच्या येत्या संकटासाठी!" आणि बोली चढत गेली. तेवढ्यात दार उघडलं. डेल्फियाच्या हातात झाकलेली ताटली होती. ती सरळ टेबलाशी आली आणि दुसऱ्या केकवर आपला थर ठेवून दिला.

"राहिला होता," ती म्हणाली. "आणि व्हर्ली, थर दिला म्हणजे विमा घेतला असं समजू नकोस."

"मी काहीच समजले नाही," व्हर्लीन म्हणाली.

त्यानंतर तिनं डेल्फियाला विचारलं नाही. तोंडाशी आलेलं रोज गिळलं. विचारलं असतं तर डेल्फियानं केवळ हट्टानं नाही म्हटलं असतं. खोऱ्यातली बरीच घरं मर्नाकडे जाऊन आली. व्हर्लीन घरोघर फिरून सामानाचे फोटो काढून ठेवत होती, कारण पाण्यात गेलेली गोष्ट आपली होती हे दाखवायला काहीतरी हवं. डेल्फियाच्या दारावरून ती मान खाली घालून पुढं जायची. डेल्फियाचं त्या दिवसांत दुसरंच काही चाललेलं. तिचे दात दुखत होते. आर्लिस तिला ट्रकमधून दातांच्या डॉक्टरकडे गावात नेऊन आणायचा.

"फार दुखतात का?" व्हर्लीननं विचारलं.

"बिचारीला सहन होत नाही," आर्लिस म्हणाला आणि घाईघाईनं गोठ्याकडे गेला.

एप्रिलमध्ये डॉगवुडची झाडं फुलून पांढरी झाली आणि एका रविवारी, चर्च सुटायच्या सुमाराला, ओढा पुन्हा आला. ह्या वेळी कुणी नदीकडे बघत बसलं नाही. ओढ्याचा रंग बदलताच माणसं वर निघाली. ब्लँकेट, औषधं, कुत्री, सगळं धड वर पोचलं. जुलैइतकं पाणी नव्हतं. व्हर्लीनच्या घराच्या शेवटच्या पायरीशी ते आलं आणि तिथंच घुटमळलं. शेजारचं घर थोडं खालच्या अंगाला. डेल्फियाच्या दारातून पाणी आत गेलं, आणि थोड्या वेळानं मागच्या दारानं तिची खुर्ची घेऊन बाहेर पडलं.

दोघी बहिणी आईच्या थडग्याशी उभ्या होत्या. व्हर्लीनला स्वतःची कोरडी पायरी दिसत होती आणि तिची लाज वाटत होती. रँडलनं रंगवलेली खोली तिच्या डोळ्यांपुढं आली. तिनं बहिणीचा हात धरला.

"डेल्फ, शनिवारी तुझं जेवण लावते."

"तुझी घाईच फार," डेल्फिया म्हणाली. "नियम काय आहे ते विसरलीस का? विमावाल्याला केक नाही."

व्हर्लीनला आधी अर्थच लागला नाही. मग तिनं डेल्फियाकडे बघितलं. डेल्फिया भिजलेल्या चेहऱ्यानं, ओठ आवळून, ओढ्याकडे बघत होती, आणि आवळलेल्या ओठांतलं हसू तिला आवरत नव्हतं.

"तू घेतलास?"

"जानेवारीतच. भिंती आणि सामान, दोन्ही. मी काय वेडी आहे?"

"मला सांगितलं नाहीस!"

"तुला सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस. मला घर वाचवायचं होतं, तुला जिंकवायचं नव्हतं."

"गेलीस कशी? कुणी नेलं?"

आर्लिस बाजूच्या थडग्यावरचं नाव फार लक्ष देऊन वाचू लागला.

"आर्लिस!" व्हर्लीन ओरडली. "दातांचा डॉक्टर!"

"मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल," आर्लिस म्हणाला. "अगं, तिच्या तोंडात स्वतःचा एक तरी दात आहे का? आपल्या लग्नाच्या आधीपासून कवळी आहे."

सगळी दफनभूमी हसली. खाली घरं पाण्यात, आणि वर माणसं थडग्यांना धरून हसताहेत, असं दृश्य त्या डोंगरानं पूर्वी बघितलं नसेल. व्हर्लीन हसली, बहिणीच्या खांद्यावर एक गुद्दा मारला आणि मग तिच्याच गळ्यात पडली.

नुकसान बघायला विमा कंपनीचा माणूस आला. सामानाचे फोटो आर्लिसनं काढलेले. सोफा, कोपऱ्यात अंगठा. शिवणयंत्र, अंगठा. त्या माणसानं एकेक फोटो नीट बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "ह्या घरातून एक अंगठाही वाहून गेला का?" डेल्फियानं त्याला कॉफी दिली, व्हर्लीनच्या घरून आणून. पैसे यायला वेळ लागला, दोनदा फोनवर वाद घालावा लागला, आणि वाद घालण्यात डेल्फियाचा हात धरणारं काउंटीत कुणी नाही. पैसे आले. पुन्हा बांधताना मर्नाच्या सल्ल्यानं घर उंच खांबांवर घेतलं.

आणि जेवण झालंच. व्हर्लीननं लावलं, खोरं आलं. गावातून लूलानं आपला थर पाठवला, सोबत निरोप: साखर बेताची घाल. केक किती वेळा विकला गेला ते होबर्टलाही नीट सांगता आलं नाही. डेल्फियानं ते पैसे तिथल्या तिथं टेबलावर ठेवले. "माझं मला मिळालंय. पुढच्या वर्षीच्या हप्त्यांना घ्या." नंतर भांडी विसळताना बहिणीला हळूच टोमणाही मारला, "तुझा हप्ता मात्र फुकट गेला. तुझ्याकडे थेंबही आला नाही."

"फुकट गेला," व्हर्लीन आनंदानं म्हणाली. "असाच जन्मभर फुकट जाऊ दे."

ऑक्टोबरमध्ये रँडल डेटनहून मोठा ट्रक घेऊन आला. आईनं शब्द दिला होता; पाणी आलं होतं. तो रिकामे खोके, दोऱ्या, चादरी सगळं घेऊन आला होता. डेल्फियानं त्याला ओसरीवर बसवलं, पोटभर जेवू घातलं आणि म्हणाली, "ट्रक चांगला आणलास. गावातल्या दुकानात माझा नवा ओव्हन येऊन पडलाय. तो घेऊन ये."

"आई, मी तुला न्यायला आलोय."

"ते कळलं. आधी ओव्हन आण."

संध्याकाळी रँडल आणि आर्लिस घामाघूम होऊन तो ओव्हन नव्या उंच जिन्यावरून चढवत होते. प्रत्येक पायरीवर रँडल म्हणत होता, "डेटनला जिना नाही." वर ओसरीच्या कठड्याला टेकून डेल्फिया हुकूम सोडत होती, डावीकडे, उजवीकडे, अरे दाराची चौकट जपून. व्हर्लीन खाली अंगणात मान वर करून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला बहिणीशी बोलायला मान वर करावी लागत होती.

"व्हर्ली," डेल्फिया वरून म्हणाली, "इथून तुझं सगळं स्वयंपाकघर दिसतं. घेवडा करपतोय तुझा."

व्हर्लीन शिव्या देत आत धावली. घेवडा खरंच करपत होता.